शिकाक गेलंस की फिराक?

मालवणच्या धक्क्याजवळ संध्याकाळी आमचा कट्टा भरतो. विषय ठरलेला नसतो, आवाज मात्र ठरलेला असतो. त्या दिवशी जर्मनीहून सुट्टीवर आलेला आमच्यातला धाकटा तावडीत सापडला. आखेनला एम.एस. करतो. बाबल्यानं त्याचे फोटो सगळ्यांसमोर धरून खटलाच सुरू केला.

"कर्ज काढून शिकाक गेलंस मा? मग एका तरी फोटोत पुस्तक दिसता काय? ह्या ब्रुसेल्स, ह्या अ‍ॅमस्टरडॅम. पैसे झाडाक लागतत थय?"

धाकटा चिडला नाही. तिकडे जायच्या आधीच वर्षाचे 11,904 युरो एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 हाती येतात, खोलीभाडं नि जेवण त्यातच, हे त्यानं सांगितलं. प्रवास परवडतो तो तिकिटामुळे. महिन्याचा एकच पास, देशभरच्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. 2023च्या मे महिन्यात 49 युरोला सुरू झाला, 2025मध्ये 58, 2026मध्ये 63. त्याच्या विद्यापीठात तो सवलतीत, सेमिस्टरच्या शुल्कातूनच मिळतो. वेगाच्या गाड्यांना मात्र चालत नाही, त्यामुळे लांब जायचं तर दिवस मोडतो. परदेश म्हणाल तर आखेनहून सिटी बसनं वाल्सला उतरलं की नेदरलँड्स. तिथल्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स तिघांच्या हद्दी मिळतात. उंची 322 मीटर.

"आमच्या आंबोलीच्या निम्मो पण नाय! आणि त्येका डोंगर म्हणतत?" बाबल्या म्हणाला. कट्टा हसला. पैशाचा मुद्दा तिथंच मिटला, म्हणजे बाबल्यानं सोडून दिला.

मग मास्तरांनी नेमकं विचारलं, "फिरून शिकलास काय ते सांग. आत्मविश्वास बिश्वास सांगू नको. तो इथं मोटारसायकल चालवूनही येतो."

"ओळखीशिवाय कसं निभवायचं ते," धाकटा म्हणाला.

हे मला पटलं. आमचं सगळं ओळखीवर चालतं. कुडाळ स्टेशनावर उतरलं की कोणाचा तरी भाचा रिक्षा घेऊन उभा असतो. कंडक्टर वडिलांचं नाव विचारतो आणि एसटी अर्धा मिनिट थांबते. माझ्या घरगुती निवासातल्या निम्म्या खोल्या 'अमक्यानं पाठवलंय' म्हणणाऱ्यांनी भरतात. धाकट्याला तिकडे फोन करायला कोणी नव्हतं. होता तो कागद, नि कागदावरचा नियम. जर्मनीचा निवास परवाना असला की शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपी देशांच्या गटातल्या बाकीच्या देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. पण नुसतं कार्ड पुरत नाही, पासपोर्टही जवळ लागतो. सप्टेंबर 2024पासून जर्मनीनं सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर तपासणी पुन्हा सुरू केली, तेव्हा बसमध्ये पोलीस चढायचेही. लंडनला जायचं तर वेगळाच व्हिसा. हे त्याला कोणी समजावून सांगितलं नाही, वाचावं लागलं.

"एकदा गाडीला तासाहून जास्त उशीर झाला," तो सांगू लागला, "फॉर्म भरला, तिकिटाचे पाव पैसे परत. दोन तास झाले असते तर निम्मे. कोणाला भेटलो नाही, कोणाचं नाव घेतलं नाही."

यावर भाई उठलाच. भाईनं बरीच वर्षं जहाजावर काढली आहेत. "नियमाचा कौतुक माका सांगू नको. रातची शेवटची गाडी चुकली, तेव्हा नियम इलो काय धावान?"

ती गोष्ट धाकट्यानंच आधी सांगितली होती. जर्मनीतल्याच आयफेल नावाच्या डोंगराळ भागातलं लहानसं स्टेशन, रविवारची रात्र, आत बसायला खोलीसुद्धा नाही, थंडी. समोरच्या डोनर कबाब विकणाऱ्या तुर्की दुकानदारानं दुकान बंद करतानाही त्याला आत बसू दिलं, चहा दिला नि शेवटी स्वतःच्या गाडीतून मोठ्या स्टेशनावर सोडलं.

"मगे? माणूसच कामाक इलो ना!"

"आला. पण त्यानं मला 'कोणाचो तू' असं विचारलं नाही, भाई. आडनाव नाही, गाव नाही. आपण विचारल्याशिवाय पाणी तरी देतो का?"

भाई गप्प बसला नाही, तो बसतच नाही. आपण पाणी देतोच, गूळही देतो, असं त्याचं म्हणणं. खरंही आहे. पण आधी विचारतो, हेही खरं. आणि विचारून झालं की भाव ठरतो, ही गोष्ट कट्ट्यावर कोणी काढत नाही. धाकट्यानं ती काढली. स्कूबाला पुण्याच्या माणसाला एक दर, ओळखीतून आलेल्याला दुसरा. त्याला म्हणे परक्या गावात तिकीटखिडकीवर फलक वाचून पैसे देताना पहिल्यांदा हायसं वाटलं होतं, कारण तिथं त्याला फसवायची सोयच नव्हती.

माझ्या मते यात तो थोडा वाहवत गेला. फलक लावून लुटणारेही असतात; विमानतळावरचं पाणी विकत घेऊन बघावं. पण माझ्याकडे उतरणारी माणसं खोलीचा दर तीन-तीनदा का विचारतात, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

"म्हणजे दराचो बोर्ड लावूचो?" बाबल्यानं विचारलं. त्याची स्वतःची बोट आहे, म्हणून आवाज जरा वेगळा होता.

"लाव."

"आणि तुझो काको इलो तर?"

"तोच रेट."

"आणि तू इलंस तर?"

धाकटा अडखळला. मास्तर म्हणाले, "बोल, बोल, जर्मनीवाल्या." भाईनं मोठ्यानं टाळी वाजवली, आणि मग बाबल्याच्या बोटीत आजवर कोण कोण फुकट बसलं त्याची यादी सुरू झाली. त्यात मास्तरांचं नाव पहिलं निघालं.