‘मेलेल्या’ नदीवर चक्रवाक कशाला येतात?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: मुळा-मुठा केव्हाच मेली, तिच्यात जलपर्णी आणि डास सोडून काही जगत नाही, काठावर नुसती झुडपं माजलीत, ती काढून काठ बांधून बागा केल्या की नदी सुधारली.

‘काही जगत नाही.’ हिवाळ्यात एखाद्या सकाळी सोलापूर रस्त्याने कवडीपाटला जाऊन यावं. अख्ख्या शहराचं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी इथल्या जुन्या बंधाऱ्यावरून वाहते. दगडांत कॅरीबॅगा, थर्माकोल, निर्माल्य अडकलेलं, आणि तिथून चार हातांवर लडाख-तिबेटच्या बाजूने आलेली चक्रवाकाची केशरी जोडी. थापट्या बदकं पसरट चोच पाण्याला लावून गोल गोल फिरत असतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे गाळात चोची खुपसत असतात. गाळात मिळतं तरी काय? तर न चावणाऱ्या चिलटांच्या लालबुंद अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जवळपास संपलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. मैल्यावर अळ्या पोसतात, अळ्यांवर शेकाटे. नाकाला रुमाल लावून बघावं लागतं, पण बघण्यासारखं भरपूर आहे.

‘एवढे पक्षी येतात, मग प्रदूषणाची ओरड कशाला?’ हा त्याच मेसेजचा शेवटचा परिच्छेद. म्हणजे नदी मेलेलीही आणि ठणठणीतही! शेकाट्यांची गर्दी ही उलट गाळात मैला भरपूर असल्याची खूण. ज्यांना स्वच्छ वाहतं पाणी लागतं असे बरेचसे मासे शहराच्या पट्ट्यातून कधीच हटले, त्यांच्या जागी तिलापिया आणि गप्पी हे परदेशी पाहुणे मजेत आहेत.

‘काठावर नुसती झुडपं.’ सुबाभूळ आणि घाणेरी बरीच माजली आहे, हे खरं. पण जरा आत शिरलं की वाळुंज भेटतो. पानं अरुंद, खालच्या बाजूने पांढुरकी. वारा आला की सगळं झाड क्षणभर रंग पालटतं. क्रिकेटच्या बॅटी ज्याच्या होतात त्या विलोचा हा आपल्याकडचा भाऊबंद. नारिंगी अंगावर काळे ठिपके असलेलं एक फुलपाखरू याच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. मुळं काठची माती धरून ठेवतात, पूर आला की फांद्या वाकतात. त्याला पाय ओले लागतात. बागेत त्याच्याऐवजी गुलमोहर लावता येईल, पण दगडी भिंतीवर वाळुंज येणार नाही. आणि ‘एका झाडाच्या बदल्यात दहा झाडं’ हा हिशेब करणाऱ्यांना बहुतेक वेळा तोडलेलं झाड कोणतं, हेच ठाऊक नसतं.

डासांचं थोडक्यात: ते साचलेल्या घाण पाण्यात होतात. वाळुंज तोडून त्यांचं काही बिघडत नाही. जलपर्णीही मैलापाण्याच्याच खतावर फोफावते.

आता ‘काठ बांधला की नदी सुधारते’. महापालिकेचा नदीकाठ प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे. मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रं बांधायची योजना आहे, ते काम वेगळं. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत कोंबली आहेत. काठाला दगड लावून मैलापाण्याचा एक थेंबही शुद्ध होत नाही. नदी सुधारायचीच असेल तर आधी केंद्रं आणि त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या मैलावाहिन्या पुऱ्या कराव्यात, फरसबंदीची घाई करू नये.

पाणी खरंच नितळलं, तर शेकाट्यांची गर्दी ओसरेल. ओसरू दे. हटलेले मासे परत येऊ शकतील, त्यांच्यामागे मासे टिपणारा नदी सुरय हा पक्षीही. पण माशांना अंडी घालायला उथळ, गवताळ काठ लागतो आणि सुरयाला घरट्यासाठी वाळूचं बेट. प्रकल्पाच्या नकाशात या दोन्हींना जागा कुठे ठेवली आहे, ते मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी दाखवावं.