फ्रिजला आलेला ताप

मागच्या हंगामात कापसाचा चुकारा एकरकमी हाती आला आणि त्या भरात मी हिंगणघाटच्या एका दुकानातून कपाटाएवढा फ्रिज विकत घेतला. डावीकडे वरपासून खालपर्यंत फ्रीझर आणि उजवीकडे वरपासून खालपर्यंत फ्रिज, अशी शेजारीशेजारी दोन दारे असलेला, ज्याला दुकानदार ‘साइड बाय साइड’ म्हणतात तो. आमच्या घराची चौकट आजोबांच्या काळातली, अडीच फुटांची. फ्रिजची रुंदी तीन फूट. शेवटी त्याची दोन्ही दारे उतरवून, त्याला आडवा वळवून, चार माणसांनी आत घेतला. आई ओट्यावरून सगळे बघत होती. ती म्हणाली, “नवरदेवबी चौकटीत वाकून येते, हे त वाकतबी नाही.”

पहिले दोन दिवस तो फार गुणी निघाला. आत दिवे लागत होते, दारावरचे आकडे झळकत होते, बटन दाबले की गोड आवाज येत होता. फक्त थंड काही होत नव्हते. नवा फ्रिज धडपणे थंड व्हायला काही तास लागतात हे मी पुस्तिकेत वाचले होते, आणि त्या ‘काही’चा अर्थ मी उदारपणे अठ्ठेचाळीस असा लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध फाटले. कंपनीच्या फोनवरील मुलीने हिंदीत सर्वप्रथम विचारले की प्लग लावला आहे का. मला या प्रश्नाचा राग आला आणि मग मी हळूच जाऊन प्लग बघून आलो. तो लावलेला होता. तेव्हा तिने दारावरची दोन बटने एकदम काही सेकंद दाबून धरायला सांगितली, आणि दोन दिवस मुका असलेला कॉम्प्रेसर घुमू लागला. दुकानात मांडलेल्या फ्रिजांना डेमो मोड नावाची एक सोय असते. तीत दिवे आणि आकडे चालू राहतात, पण थंड करण्याचे काम बंद असते. काम न करता काम चालू असल्याचा देखावा करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती, पण त्यासाठी बटन असते हे मला ठाऊक नव्हते.

मग दारांचे दुखणे सुरू झाले. उजवे दार डाव्यापेक्षा बोटभर खाली दिसे आणि ढकलल्याशिवाय मिटत नसे. थोडा वेळ उघडे राहिले की फ्रिज टीं-टीं करून घर डोक्यावर घेई. पत्नीने दाराच्या रबरावर संशय घेतला. ते तपासण्याची साधी रीत अशी की दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचे आणि नोट ओढायची. ती अडखळत आली तर रबर घट्ट आहे, सुळकन आली तर सैल आहे. आम्ही दहाची नोट घेऊन दोन्ही दारे वरून खाली तपासली. नोट सगळीकडे अडखळली आणि तिसऱ्या खेपेला फाटली. रबर निर्दोष सुटले. अखेर गल्लीतल्या गवंड्याला बोलावले. त्याने फ्रिजच्या डोक्यावर पाणसळ ठेवली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, “भाऊ, फ्रिज सरळच हाये. घर वाकडं हाये.” स्वयंपाकघर धुतल्यावर पाणी न्हाणीकडे वाहावे म्हणून वडिलांनी फरशीला मुद्दाम उतार दिला होता, आणि फ्रिज त्या उताराला लागून न्हाणीकडे निघाला होता. त्याच्या पुढच्या पायांचे स्क्रू फिरवून पुढची बाजू किंचित उंच केली, की दारे आपल्या वजनाने मागे येऊन मिटतात आणि एका रेषेतही येतात. गवंड्याने हे दहा मिनिटांत केले आणि उरलेला तासभर आमच्या घराच्या भिंतींतील दोष दाखवण्यात घालवला.

दरम्यान आईला वेगळीच काळजी लागली होती. एके दुपारी तिने फ्रिजच्या बाजूला तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. “काऊन रे, याचं अंग तापलं हाये. याले ताप आला का?” आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या पूर्वी फ्रिजच्या पाठीवर जाळीसारख्या उघड्या असत, त्या आता बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या असतात, म्हणून बाजू गरम लागते, हे मी तिला समजावले. ती म्हणाली, “म्हणजे आतून थंडी अन् बाहेरून ताप. हिवतापच झाला ना मग!” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मात्र तिच्या निदानाचा एक फायदा झाला. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवला होता आणि त्याच्या बाजूच्या फटीत पत्नीने तांदळाची कोठी कोंबली होती. उष्णता जायला वाट हवी म्हणून ती कोठी हलवावी लागली. कोठी कुठे हलवायची यावर घरात आठ दिवस चर्चा चालली, तिचा वृत्तांत देण्याचे कारण नाही.

पावसाळ्यातील एका रात्री दोनच्या सुमारास पत्नीने मला हलवून उठवले. स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज येत होता. थांबत होता आणि पुन्हा येत होता. आमच्याकडे पावसाळ्यात असा आवाज आला तर त्याचा अर्थ एकच होतो. मी काठी घेतली, बॅटरी घेतली, आणि शेजारच्या काकाजींनाही घेतले, कारण अशा वेळी वडीलधाऱ्यांना पुढे ठेवण्याची आपली परंपरा आहे. काकाजी फ्रिजपासून पाच हातांवर उभे राहिले आणि म्हणाले, “आवाजावरून घोणस वाटते.” पहाटेपर्यंत आम्ही तिघे खाटेवर पाय वर घेऊन बसलो. सकाळी आलेल्या सर्पमित्राने फ्रिजखाली, फ्रिजमागे आणि कोठीमागे बघितले, मग कान लावून स्वतःही तो आवाज ऐकला आणि हसू लागला. त्याच्या घरचा फ्रिजही असाच फुसफुसत असे. बर्फ न साठणाऱ्या फ्रिजमध्ये गारवा तयार करणाऱ्या नळ्यांवरचे हिम वितळवण्यासाठी एक हीटर अधूनमधून आपोआप चालू होतो. वितळलेले थेंब त्या तापलेल्या हीटरवर पडले की फुस्स होते. चहा पिऊन सर्पमित्र गेला. काकाजी मात्र अजूनही सांगतात की त्या रात्री ती घोणसच होती, ती आमच्या बोलण्याने निघून गेली.

गावात एवढा मोठा फ्रिज एकच असल्याने तो लवकरच गल्लीचा झाला. कोणाचा आमरस, कोणाच्या लग्नाचे उरलेले श्रीखंड, पत्नीच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि एकदा तर काकाजींच्या बैलांची लस, असा सगळा संसार आत दाटीने राहू लागला. मग फ्रीझरमध्ये दगडासारखा बर्फ आणि उजवीकडे कोमट दही, असा प्रकार सुरू झाला. तपासायला आलेल्या पोराने झाकण काढून दाखवले की या फ्रिजमध्ये गारवा तयार होतो तो फक्त डावीकडे, फ्रीझरच्या पाठीमागे. तिथून पंखा तो ढकलतो आणि मधल्या झडपेतून त्यातला वाटा उजवीकडे जातो. त्या झडपेच्या तोंडाशी श्रीखंडाचा डबा बसला होता. हे मला लगेच कळले, कारण आमच्या कालव्यावरही असेच चालते. वरच्याने पाट अडवला की शेपटाकडच्या वावरात धूळ उडते. डबा हलवला आणि संध्याकाळपर्यंत दही थंड झाले. श्रीखंड ज्यांचे होते त्यांनी मात्र त्याला कमी लेखल्याबद्दल दोन दिवस अबोला धरला.

आणि मे महिना उजाडला. आमच्याकडे त्या महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जाणे ही बातमी नसते. कॉम्प्रेसर दिवसभर थांबायचे नाव घेईना. मी पुस्तिका पुन्हा काढली आणि तीत असे आढळले की उष्ण प्रदेशासाठी बनवलेला हा फ्रिज भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत काम करण्यास योग्य आहे. बाहेर ४६ होते. त्यात दुपारी दोन तास वीज जायची. त्या वेळी दार न उघडल्यास आतला गारवा चारेक तास टिकतो, परंतु तो टिकला आहे की नाही हे बघण्यासाठी घरातले प्रत्येक जण दार उघडत असे.

शेवटी उपाय एकच उरला. बैठकीतला कूलर उचलून स्वयंपाकघरात आणला, त्याच्या ताट्या भिजवल्या आणि त्याचे तोंड फ्रिजकडे करून दिले. घरातली माणसे गच्चीवर झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तो दोन्ही दारांवर, मधल्या फटीत, सगळीकडे पाण्याचे थेंब डवरलेले. घाबरून फोन लावला. कूलरच्या दमट हवेमुळे असे होते, कोरड्या फडक्याने पुसून घ्या, असे पलीकडून सांगण्यात आले. मी फडके शोधू लागलो, तेवढ्यात आईने पुढे होऊन फ्रिजच्या बाजूला तळहात टेकवला आणि समाधानाने मान हलवली.

“पुसू नको बापू,” ती म्हणाली. “घाम फुटला. आता उतरते ताप.”