साडूभाऊंचं जॉइंट रिटर्न

जुलै उजाडला की आमच्या कोथरूडच्या घरात दोन लॅपटॉप उघडतात, दोन ओटीपी येतात आणि दोन रिटर्न भरले जातात, कारण आपल्याकडे नवरा-बायकोला एकत्र रिटर्न भरायची सोयच नाही. त्यात न्यूजर्सीच्या साडूभाऊंनी व्हिडिओ कॉलवर मीठ चोळलं. "आम्ही एकच भरतो बुवा! २०२५ चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्स लावण्याआधी उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, सिंगलला १५,७५० डॉलर, आम्हाला डायरेक्ट ३१,५००!" अहो, पण मेहुणीचा पगार तुमच्याइतकाच, म्हणजे १५,७५० दुणे ३१,५००च की. तेवढा पाढा आम्हालाही येतो.

जॉइंट रिटर्नचा खरा फायदा आमच्यासारख्यांचा, जिथे एकाचा पगार मोठा आणि दुसऱ्याचं उत्पन्न किरकोळ (बायको क्लास घेते). २०२५-२६ च्या नव्या टॅक्स रिजीममध्ये दोघांचं टॅक्सेबल उत्पन्न बारा-बारा लाख असेल तर टॅक्स शून्य, आणि तेच चोवीस लाख एकट्याने कमावले तर सेस धरून ३ लाख १२ हजार! अरे, घर तेच, सिलिंडर तोच, सोसायटीचा मेंटेनन्स तोच.

हे मी तावातावाने बायकोला सांगितलं तर तिचा वेगळाच प्रश्न, "जॉइंटमध्ये टॅक्स कमी भरला गेला तर वसुली कोणाकडून?" साडू म्हणाले, दोघांपैकी कोणाहीकडून, पूर्ण. "म्हणजे ऑप्शन ट्रेडिंग याचं आणि नोटीस मला? नको."

बरं, निदान तुझं एआयएस (म्हणजे टॅक्सवाल्यांकडे असलेली आपल्या कमाईची वार्षिक यादी) तरी दाखव म्हटलं, आणि तिने दाखवेपर्यंत मी मान वाकडी करून वाचलंसुद्धा: एफडीचं व्याज, आणि बँक अशी की जिच्या पायऱ्या आम्ही कधी चढलोच नव्हतो. लॅपटॉप खटकन मिटला. मीही ताणलं नाही, उगाच माझं एआयएस कोणी मागायला नको.

शेवटी टिळक रोडवरच्या सीएकाकांकडे गेलो. बोनसची एफडी हिच्या नावावर टाकू का? काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्लबिंगचं कलम आहे. पैसे तुम्ही दिलेत ना, मग व्याज तुमच्याच इन्कममध्ये क्लब होणार. वडिलोपार्जित काही असेल तर एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, काढा, वेगळं पॅन मिळतं."

"त्यात कर्ता कोण असतो?" बायको.

"हे."

ती इतकी हसली की चहा घेऊन आलेला पोरगा दारातच थांबला.