इंग्रजी आठ

आमच्या आजोबांच्या सागवानी टेबलावर एक अंगठा उमटलेला आहे. आजोबांचा नव्हे, तळमजल्यावरच्या काकांचा.

पॉलिशवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून फ्रेंच पॉलिश घरीच करायचं ठरवलं, तेही श्रावणात. रात्री चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली, लिटरला २०० ग्रॅम. सकाळी पॉलिश पेपर मारला, जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून बोळा केला. स्पिरिटचा वास जिन्यात गेला आणि वासामागोमाग काका आले. आधी संशयाने माझ्या तोंडाचा वास घेतला, मग खुर्ची ओढून बसले.

"आठ काढा, आठ."

मी बोळा टेबलावर फिरवत आठ काढू लागलो.

"हे काय काढताय?"

"आठ."

"कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"अहो, मराठी आठ काय काढताय! त्याला टोक असतं. टोकाला बोळा थांबला की खालची लाख विरघळते आणि चिकटतो. इंग्रजी आठ काढा. तो संपतच नाही."

काकांचं बरोबर होतं, आणि तेच मला अजून सहन होत नाही. हा माणूस ३४ वर्षं बँकेत कॅशियर. लाकडाशी संबंध काउंटरपुरता.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या साडूंच्या कपाटाला पॉलिश झालं तेव्हा मी समोरच बसलो होतो."

म्हणजे तिथेही खुर्ची ओढूनच.

झारखंडात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर इवले किडे रस शोषत बसतात आणि अंगाभोवती लाख पाझरतात. त्यांना 'अशी नको, तशी पाझर' म्हणायला समोर कुणी बसत नाही. म्हणूनच जमत असावं. ७८ आरपीएमच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांत हीच लाख असायची. पांडवांना जाळायला कौरवांनी बांधलेलं घरही हिचंच. लाख, स्पिरिट आणि सल्ला हे तिन्ही एका खोलीत असताना माझ्या हाताशी काडेपेटी नव्हती, हे काकांचं नशीब.

चौथ्या हातानंतर टेबलावर पांढुरकी साय धरली.

"दमट हवेत करतं का कुणी? स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतलं पाणी आत अडकतं."

"हे आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल!"

स्पिरिटचा हलका हात फिरवल्यावर साय गेली. रविवारही गेला.

संध्याकाळी शेवटचा हात झाला. टेबलात पंखा दिसत होता, पंख्याची धूळसुद्धा दिसत होती. काका उठले. नोटा मोजायच्या सवयीने त्यांनी अंगठा जिभेला लावला, हो, जिभेला, आणि टेबलाच्या मधोमध टेकवला.

"वाळलं का बघतो."

वाळलं नव्हतं.

घासून, पुन्हा चार हात देऊन तो अंगठा जाईल, पण माझ्या दंडात आता मराठी आठाचंही बळ नाही. बायकोने फुलाफुलांचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ अंथरला. अख्खा रविवार घालवून सागवान झळकवायचं आणि वर प्लास्टिक!

काल सत्यनारायणाच्या प्रसादाला काका आले. दहा पाहुण्यांदेखत टेबलक्लॉथ उचलला, वाकून, डोळे बारीक करून पाहिलं.

"काम बरं झालंय," म्हणाले, "पण इथं कुणाचा तरी अंगठा लागलाय. जरा लक्ष ठेवायचं होतंत."