'ऐंशीच्या दशकात कुणीही गोल मारायचं' म्हणे! ग्रेट्झ्कीवरचा तो फॉरवर्ड मेसेज जरा मुद्द्यामुद्द्याने बघू

आइस हॉकीत अलेक्झांडर ओव्हेच्किनने ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल मारला आणि वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ चा रेकॉर्ड मोडला, तेव्हापासून एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं की ग्रेट्झ्की उगाच डोक्यावर बसवलाय, त्या काळी गोलकीपरना काही अडवता येत नव्हतं, टीम भारी होती, सोबत बॉडीगार्ड होता, निम्म्याहून जास्त पॉइंट नुसते पास देऊन मिळालेत, आणि आज खेळला असता तर सीझनला सत्तर पॉइंट करताना नाकी नऊ आले असते. यातलं थोडंसं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. उरलेलं मात्र आकडे उघडून न बघता ठोकून दिलंय.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच की गोल मारला की एक पॉइंट, आणि त्या गोलच्या आधी ज्यांनी पक (बॉलऐवजी असते ती रबरी चकती) पुढे दिला त्यातल्या शेवटच्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक पॉइंट. ग्रेट्झ्कीचा एनएचएलचा (अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी लीग) हिशोब १४८७ मॅच, ८९४ गोल, १९६३ असिस्ट, एकूण २८५७.

आता पहिला मुद्दा, काळ सोपा होता. बरोबर, होता. १९८१-८२ मध्ये दोन्ही टीमचे मिळून मॅचला सरासरी आठ गोल पडायचे, २००३-०४ मध्ये ते जेमतेम पाचावर आले होते. गोलकीपरचे पॅड लहान, बरेच जण उभ्यानेच खेळायचे, गुडघे टेकून खालची बाजू बंद करायची स्टाइल नंतर सगळीकडे पसरली. हे सगळं कबूल. पण तो सोपा काळ काय एकट्या ग्रेट्झ्कीसाठी होता का? ब्रॅडमनच्या वेळी बोलिंग साधी होती असं कुणी म्हटलं की आपण लगेच विचारतो ना, मग त्याच बोलिंगवर बाकीच्यांचा अ‍ॅव्हरेज नव्याण्णव का नाही झाला, तोच प्रश्न इथे विचारा. १९८१-८२ मध्ये ग्रेट्झ्की २१२, दुसरा माइक बॉसी १४७. पुढच्या वर्षी १९६, दुसरा पीटर स्टास्टनी १२४. १९८६-८७ मध्ये १८३, आणि दुसऱ्या नंबरवर त्याच्याच टीमचा यारी कुरी, १०८! म्हणजे पंच्याहत्तर पॉइंटचा फरक, लोकांचे अख्खे सीझन तेवढ्यात होतात. तेच गोलकीपर, तेच बारके पॅड, तोच बर्फ सगळ्यांना होता की.

आणि काळ बदलल्यावर काय झालं तेही बघा. १९९३-९४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी १३० पॉइंट करून तो परत लीगमध्ये पहिला आला, तेही त्याची लॉस एंजेलिस किंग्ज टीम प्लेऑफमध्येसुद्धा (सीझननंतरची बाद फेरी) पोचली नाही अशा वर्षी. १९९७-९८ पर्यंत गोल आटले होते, बचावाचे सापळे लावून मॅच रटाळ करायची फॅशन होती, आणि हा सदतिशीत न्यूयॉर्क रेंजर्सकडून ९० पॉइंट करून लीगमध्ये पावेल बुरेच्या जोडीने तिसरा. असिस्टमध्ये तर यारोमिर यागरबरोबर संयुक्त पहिला. हो, शेवटच्या सीझनला त्याचे फक्त नऊ गोल होते, तेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली लिहिणारच.

दुसरा मुद्दा बॉडीगार्डचा. डेव्ह सेमेन्को हा ग्रेट्झ्कीच्या तेव्हाच्या टीमचा, कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्सचा दांडगा गडी, ग्रेट्झ्कीला कुणी हात लावला तर गाठ त्याच्याशी, हे खरंच. पण त्या काळी जवळजवळ प्रत्येक टीमकडे असा एक तरी माणूस असायचा, बॉसीच्या टीमकडे नव्हते का काय मारामारीवाले? शिवाय सेमेन्कोला डिसेंबर १९८६ मध्ये हार्टफर्डच्या टीमला दिलं, आणि वर जो १८३ विरुद्ध १०८ चा सीझन सांगितला तो नेमका हाच. यापुढे फार लिहायची गरज वाटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र दमदार आहे, टीममुळे झाला. कुरी, मेसिए, कॉफी, फ्यूर, एकाहून एक. कुरीने १९८४-८५ मध्ये ७१ गोल मारले, कॉफीने डिफेन्सला खेळून पुढच्या वर्षी ४८. आणि ग्रेट्झ्की गेल्यावर १९९० मध्ये ऑइलर्सने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलंही, मेसिएच्या कॅप्टन्सीखाली. मेसेजवाले इथे येऊन थांबतात आणि हात झटकतात. जरा पुढे वाचा ना राव.

९ ऑगस्ट १९८८ ला ऑइलर्सच्या मालकाने त्याला लॉस एंजेलिसला दिलं, बदल्यात जिमी कार्सन आणि मार्टिन जेलिना हे दोन प्लेयर, पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट पिक (नवे प्लेयर निवडायचे हक्क) आणि दीड कोटी डॉलर. कॅनडात अक्षरशः सुतकी वातावरण, एका खासदाराने तर सरकारने हा सौदा अडवावा म्हणून मागणी केली होती. तर किंग्ज आदल्या वर्षी ६८ पॉइंटवर होते (हे टीमचे पॉइंट, जिंकल्याचे दोन आणि बरोबरीचा एक), ग्रेट्झ्की आल्यावर थेट ९१. ऑइलर्स ९९ वरून ८४ वर. आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर कोण, तर ऑइलर्सच! किंग्ज १-३ ने मागे होते, तिथून सात मॅचमध्ये त्यांनी ऑइलर्सना घरी पाठवलं.

त्याहून मला आवडणारा पुरावा म्हणजे बर्नी निकल्स. चांगला प्लेयर, पण तोपर्यंतचा त्याचा बेस्ट सीझन ४६ गोल आणि १०० पॉइंटचा, आणि ग्रेट्झ्की यायच्या आदल्या वर्षी ३२ गोल. ग्रेट्झ्की आला आणि त्याच वर्षी निकल्सचे ७० गोल, १५० पॉइंट. पुन्हा आयुष्यात कधी तो त्याच्या जवळपासही गेला नाही. मग कोण कोणामुळे मोठं झालं?

आणि तो १९९० चा कप. कार्सनला एडमंटन मानवलं नाही, त्याला ऑइलर्सनी डेट्रॉइटला दिलं आणि बदल्यात अ‍ॅडम ग्रेव्हज, जो मर्फी, पीटर क्लिमा वगैरे आले. त्या प्लेऑफमध्ये ग्रेव्हज, मर्फी आणि जेलिना या तीन पोरांची एकत्र खेळणारी लाइन गाजली, आणि फायनलची पहिली मॅच तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये संपवणारा गोल क्लिमाचा. म्हणजे ग्रेट्झ्कीशिवाय जिंकले खरं, पण ग्रेट्झ्की विकून जे मिळालं त्यातून बऱ्यापैकी टीम उभी राहिली होती, ही गंमत फॉरवर्डमध्ये कुणी टाकत नाही.

चौथा, नुसते पास. हा मुद्दा वाचला की कळतं की लिहिणाऱ्याने त्याला खेळताना बघितलेलं नाही. समोरच्या टीमच्या गोलमागे जी थोडीशी जागा असते तिथे तो पक घेऊन उभा राहायचा, लोक त्या जागेला त्याचं ऑफिस म्हणायचे. आता डिफेन्सवाल्याने करायचं काय? डावीकडून गेला तर हा उजवीकडून बाहेर येणार, दोघं दोन्ही बाजूंनी गेले तर गोलसमोर दोघं मोकळे सोडलेत, आणि कुणीच गेलं नाही तर हा निवांत बघत बसणार. गोलकीपरची तर अजून पंचाईत, पक पाठीमागे असल्यामुळे मान वळवून सारखं इकडून का तिकडून बघावं लागतं आणि तेवढ्यात समोर कुरी स्टिक तयार ठेवून आलेला असतो, पास त्याच्या स्टिकवर टेकला की गोलकीपर सरकायच्या आत गोलचा लाल दिवा लागलेला. हा पास म्हणजे काय फुकटचा पॉइंट आहे का! आणि दुसरा असिस्ट स्वस्तात मिळतो म्हणाल तर तो नियम सगळ्यांना सारखाच होता, तरी असिस्टच्या यादीत दुसरा रॉन फ्रान्सिस १२४९ वर आहे, सातशेहून जास्त खाली. ग्रेट्झ्कीचे सगळे ८९४ गोल पुसून टाका, उरलेले १९६३ तरी यागरच्या एकूण १९२१ पॉइंटपेक्षा जास्तच. १९८५-८६ मध्ये त्याचे असिस्टच १६३ होते आणि दुसऱ्या नंबरच्या मारियो लेम्यूचे गोल धरून १४१.

बरं गोल मारता येत नव्हते असंही नाही. डिसेंबर १९८१, सीझनच्या पहिल्या ३७ मॅचमध्ये ४१ गोल. मग किंग्जविरुद्ध एकाच मॅचला चार. मग ३० डिसेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध पाच, त्यातला शेवटचा तीन सेकंद उरलेले असताना रिकाम्या जाळीत (समोरच्यांनी गोलकीपर बाहेर काढला होता), आणि ३९ मॅचमध्ये ५० पूर्ण. त्याआधीचा रेकॉर्ड ५० मॅचमध्ये ५० चा होता. रिकाम्या जाळीतला म्हणून एक वजा करा हवं तर, आधीचे चार गोलकीपर उभा असतानाच गेलेत.

पाचवा, आज असता तर चिरडला असता. उलट आहे हो. २००५ नंतर स्टिकने अडकवणं, धरून ठेवणं यावर पेनल्टी कडक झाल्या, त्यामुळे तर पॅट्रिक केनसारखे बारक्या चणीचे प्लेयर एवढे चालले. ग्रेट्झ्की खेळला तेव्हा अंगाला लोंबकळलेलं चालायचं. त्याला खरा फटका बसला तो १९९१ च्या कॅनडा कप या देशांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये पाठीमागून बसलेल्या धडकेचा, त्यानंतर पाठ कायमची कुरकुरत राहिली, १९९२-९३ मध्ये तो निम्म्याच्या आसपास मॅच खेळू शकला, आणि तरी त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये ४० पॉइंट काढून किंग्जना फायनलपर्यंत घेऊन गेला.

ओव्हेच्किनचं म्हणाल तर गोल मारणारा म्हणून मी ओव्हेच्किनला वर ठेवतो, गोल कमी पडायच्या काळात ८९५, तेही ग्रेट्झ्कीएवढ्याच १४८७ मॅचमध्ये. पण तेव्हा त्याचे एकूण पॉइंट सोळाशेच्या आसपास होते. ही दोन वेगळी कामं आहेत.

ग्रेट्झ्कीविरुद्ध भांडायचंच असेल तर मारियो लेम्यूला घेऊन या. मॅचमागे १.८८ पॉइंट, ग्रेट्झ्कीच्या १.९२ ला जवळजवळ भिडलेला, आणि तो सुद्धा पाठदुखी आणि कॅन्सर सोसून. १९९३ मध्ये २ मार्चला सकाळी रेडिएशनचा शेवटचा डोस घेतला, विमानाने फिलाडेल्फियाला गेला, त्याच रात्री खेळून एक गोल आणि एक असिस्ट केला, आणि सीझन संपेपर्यंत ६० मॅचमध्ये १६० पॉइंट करून लीगमध्ये पहिला आला. हे नाव त्या फॉरवर्डमध्ये एकदाही नाहीये.