घरात दोन टोप्या

बेसबॉलवरच्या एका लेखात म्हटलंय की आपला संघ पोस्टसीझनमधून (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतून) बाहेर पडला की खऱ्या चाहत्याने टीव्ही बंद करावा. सांगणं सोपं आहे हो! मी बॉस्टनला नोकरीला लागलो तेव्हापासून तिथल्या रेड सॉक्स संघाचा. २००४ साली न्यूयॉर्कच्या यँकीजविरुद्ध मालिकेत ०-३ ने मागे असताना आमच्या डेव्ह रॉबर्ट्सने नवव्या इनिंगमध्ये दुसरा बेस चोरला (फटक्याची वाट न बघता धावत गाठला), तेव्हा मी सोफ्यावर चढून ओरडत होतो. पण लेक जन्मली-वाढली न्यू जर्सीत. ती कट्टर यँकीजवाली.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, आमचे नव्हतेच. यँकीजसमोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स. त्यांचा मॅनेजर तोच रॉबर्ट्स, आणि संघात मूकी बेट्स! २०१८ ला आमच्याकडून खेळून वर्ल्ड सिरीज जिंकलेला, २०२० मध्ये आम्हीच देऊन टाकलेला (ती जखम अजून ओली आहे). आता मी कुणाचा? पाचव्या सामन्यात यँकीज ५-० ने पुढे होते, तेव्हा लेकीसाठी खरंच बरं वाटत होतं. मग पाचव्या इनिंगमध्ये यँकीजच्या अ‍ॅरन जजच्या हातून सोपा झेल सुटला. थोड्या वेळाने बेट्सने मारलेल्या साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) त्यांचा पिचर कोल पहिला बेस सांभाळायला धावलाच नाही! माझ्या मनात उकळ्या फुटतायत आणि शेजारी लेक उशीत तोंड खुपसून बसलेली. डॉजर्स ७-६ ने जिंकले, सगळं संपलं.

"बाबा, हसायचं असेल तर किचनमध्ये जा."

गेलो. चहा टाकायच्या निमित्ताने.