फावडीवाल्याचं पुढे काय झालं?

सध्या नात्यागोत्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: सोनं शोधणारे बुडतात, फावडी विकणारे तरतात. २००० साली डॉटकॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा करणाऱ्या, कंपन्यांचं दिवाळं वाजलं, पण ज्यांनी त्यांना सर्व्हर (वेबसाइट चालवणारे मोठे संगणक) पुरवणाऱ्या खऱ्याखुऱ्या, नफ्यातल्या कंपनीचे शेअर घेतले, त्यांचं भलं झालं. उदाहरण म्हणून सन मायक्रोसिस्टम्स. तिला शेवटी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने ७.४ अब्ज डॉलर मोजले, मग २००० साली लाखभर रुपये टाकले असते तर बघा! आणि म्हणून आता एआय चिपवाल्यांचे शेअर घ्या.

चिपवाल्यांचं त्यांचे ते बघतील. पण उदाहरण सनचं दिलंय, तर ते तरी नीट द्यावं. ते दाव्याच्या बरोबर उलट बाजूचं आहे.

कंपनी खरी होती, यात वाद नाही. १९८२ साली चौघांनी सुरू केलेली. त्यातले विनोद खोसला जन्माने पुण्याचे. १९८६ मध्ये शेअर बाजारात आली. १९९७ मध्ये आलेल्या तिच्या ई१०००० या सर्व्हरमध्ये ६४ प्रोसेसर बसत आणि किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे जाई. ईबेसारखी ऑनलाइन लिलावाची साइट सनच्या यंत्रांवर चालायची. ‘डॉटकॉममधला डॉट म्हणजे आम्ही’ अशी कंपनीची जाहिरातच होती. जून २००० ला संपलेल्या वर्षात १५.७ अब्ज डॉलरची विक्री, १.८५ अब्जांचा नफा. कागदी कंपनी म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

आता ‘नफा आहे, म्हणजे धोका नाही’ हा मुद्दा. पुढच्या वर्षी, म्हणजे जून २००१ पर्यंत, विक्री आणखी वाढून १८.२५ अब्जांवर गेली. कंपनीच्या इतिहासातली सर्वात मोठी विक्री! आणि शेअर? सप्टेंबर २००० मध्ये ६४ डॉलर (त्या डिसेंबरात एका शेअरचे दोन केले गेले, ते धरून), जून २००१ अखेर १५-१६ डॉलर. विक्रमी धंदा झाला त्याच वर्षी गुंतवणूकदाराचे तीन चतुर्थांश पैसे गेले. कारण भाव धंद्याला धरून नव्हताच. ६४ डॉलरला अख्ख्या कंपनीची किंमत सुमारे २०० अब्ज डॉलर होत होती. स्कॉट मॅकनीली हे तिचे प्रमुख. त्यांनीच २००२ मध्ये एका मुलाखतीत हा हिशेब जाहीर मांडला होता: विक्रीच्या दहापट भावाने शेअर घेतलात, तर दहा वर्षांत तुमचे पैसे फेडायला मला सगळीच्या सगळी विक्री लाभांश म्हणून वाटावी लागेल, मालाचा खर्च शून्य, एकोणचाळीस हजार लोकांचे पगार शून्य, कर शून्य, संशोधन शून्य. मग त्यांनी विचारलं, तुम्ही नेमका काय विचार करत होतात? मालकानेच गिऱ्हाइकाला ‘एवढ्या भावाने घेतलंस कशाला’ म्हणून झापावं, असा प्रसंग विरळाच.

‘सोनं शोधणारे बुडाले तरी फावडी विकणारा तरतो’ म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की फावडी घेत कोण होतं? सनचं बरंचसं नवं गिऱ्हाईक म्हणजे याच डॉटकॉम कंपन्या आणि त्यांच्या भरवशावर इंटरनेटची जाळी उभारणाऱ्या टेलिकॉम कंपन्या. शेअर विकून त्यांनी जमवलेला पैसा सनकडे विक्री म्हणून यायचा. तो झरा आटला आणि ऑर्डरी थांबल्या. वर, घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं: बुडालेल्या कंपन्यांचे जेमतेम वापरलेले सर्व्हर लिलावात आले. सनच्या नव्या यंत्राला स्पर्धा सनच्याच जुन्या यंत्राची, तीही मातीमोल भावात. तोवर साध्या इंटेल चिपवर लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक प्रणाली टाकून काम भागतं, हेही लोकांना कळलं होतं. २००२ च्या आर्थिक वर्षात विक्री १२.५ अब्जांवर उतरली, २००३ मध्ये तोटा ३.४ अब्ज.

ओरॅकलच्या ७.४ अब्जांचा आकडा फसवा आहे. तो व्यवहार जानेवारी २०१० मध्ये पुरा झाला, प्रत्येक शेअरला ९.५० डॉलर. पण मधे नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीने चार शेअरचा एक केला होता. म्हणजे शिखरावर १०० शेअर घेतलेल्याने ६,४०० डॉलर घातले, आणि शेवटी त्याच्या हातात २५ शेअरचे २३७.५० डॉलर आले. डॉलर दोन्ही वेळेला ४६ रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे रुपयांत सांगायलाही सोपं: दोन लाख चौऱ्याण्णव हजारांचे अकरा हजारही पुरते नाहीत. साडेनऊ वर्षं ‘लाँग टर्म’ धरून.

लाखभर रुपये टाकायचं म्हणाल, तर पुण्या-ठाण्यात बसून अमेरिकन शेअर घ्यायची सरळ वाटच तेव्हा नव्हती. वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली फेब्रुवारी २००४ मध्ये, आणि तोवर सन पाच डॉलरवर आला होता.

नव्वदीच्या सुरुवातीला घेऊन २००० मध्ये विकलेल्यांनी मात्र खरंच रग्गड कमावलं. पण मेसेज धरून ठेवायला सांगतो, विकायला नाही.

सर्व्हरवाल्या दुसऱ्या कंपनीचं नाव मेसेजात नाही, ते बरंच आहे. लिनक्सचे सर्व्हर विकणारी व्हीए लिनक्स ९ डिसेंबर १९९९ ला ३० डॉलरने बाजारात आली, त्याच दिवशी २३९ वर बंद झाली. वर्षभराने ८-९ डॉलर. २००१ मध्ये तिने सर्व्हर विकणंच बंद केलं.

आणि मूळचा फावडीवाला, ज्याच्यावरून ही म्हण निघाली असं सांगतात, तो सॅम ब्रॅनन. १८४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर ‘सोनं, सोनं’ ओरडत फिरला, आणि खाणकामाचं सामान आधीच स्वतःच्या दुकानात भरून बसला होता. कॅलिफोर्नियाचा पहिला लक्षाधीश म्हणतात त्याला. १८८९ मध्ये मेला तो कफल्लक होऊन. त्यात फावड्यांचा दोष नाही. घटस्फोट झाला, संपत्ती बहुतेक जमिनीत अडकलेली, आणि बायकोचा अर्धा वाटा रोखीने द्यायचा होता.